पंप बंदुकीचे मोल

भोकरकडच्या शेतकरी घरात बाराबोअर बंदूक येते ती बहुधा एका माणसाच्या हौसेने, टिकते ती पुढच्या पिढीच्या गरजेने आणि विकायला निघते ती नातवाच्या कंटाळ्याने. लोखंड तेच राहते. किंमत मात्र दरवेळी वेगळ्या कारणाने ठरते.

हौसेचा काळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळला आणि 1991 च्या दुरुस्तीने संपवला. तोवर शिकारीचे परवाने मिळू शकत. नंतर ते दारच बंद झाले. त्यामुळे ‘अस्सल शिकारीची बंदूक’ म्हणून कोणी चार पैसे जास्त मागत असेल, तर त्या कौतुकाला आज बाजारात काही अर्थ नाही. उरली ती राखण. हळदीत आणि भुईमुगात रानडुकरांचा कळप घुसतो, तुरीत रोही शिरतात आणि शेतकरी जागलीला जातो. पण तिथेही उभ्या पिकासाठी जनावर मारायचे तर वन विभागाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. परिणामी इथली बंदूक वर्षानुवर्षे जवळजवळ मुकी असते. ती उडवून झिजत नाही, ठेवून गंजते. पावसाळ्यातली दमट भिंत, कापडात गुंडाळून ठेवण्याची सवय आणि निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा होऊन तेलाविना काढलेले आठवडे हे तिचे खरे शत्रू.

दुनळीपेक्षा पंप बंदुकीचे मोल करणे अवघड. हिच्यात काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. पुढची मूठ मागे ओढली की रिकामे टरफल बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत जाते. अमेरिकेत ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुळली. विंचेस्टरचे 1897 चे मॉडेल गाजले आणि 1950 साली आलेल्या रेमिंग्टन 870 च्या पुढे एक कोटीहून अधिक बंदुका बनल्या. तिकडे ती काहीशे डॉलरची साधी वस्तू. इकडे मात्र ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी आयात थांबली, आणि आधी आलेल्या विलायती बंदुकांना त्यांच्या गुणांहून मोठा भाव चढला. हा भाव दुर्मीळपणाचा आहे, कारागिरीचा नाही, हे घेणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे. तुलनेसाठी देशी सरकारी कारखान्याच्या नव्या पंप बंदुकीची त्या दिवशीची किंमत विचारून घ्यावी. राखणीसाठी घेणाऱ्याच्या दृष्टीने तीच वरची मर्यादा. त्यावरचे सगळे नावाचे पैसे.

माळेगावच्या यात्रेत जनावर घेणारा आधी दात पाहतो. बंदुकीत आधी नळी पाहावी. बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी, नळी काढून उजेडाकडे धरावी आणि दोन्ही टोकांनी पाहावे. आतली चकाकी एकसारखी हवी. काळे ठिपके पुसून गेले तर तो मळ. तसेच राहिले तर गंजाने खाल्लेले खड्डे. उजेडाच्या कड्यात कुठे सावलीचे वलय दिसले, तर तिथे नळी फुगली आहे. अशी नळी कितीही स्वस्त मिळो, ती घेऊ नये. मग घराची लांबी, म्हणजे काडतूस बसते ती जागा: जुन्या विलायती बंदुकांत ती 65 मिलिमीटर असू शकते, तर आजची बरीच काडतुसे 70 ची असतात. लांब काडतूस आखूड घरात बसल्यासारखे वाटते, पण बार काढताना दाब धोक्याइतका वाढतो.

यानंतर यंत्र. बिनदारूची सरावाची काडतुसे भरून मूठ सावकाश आणि मग जोरात ओढून पाहावी. सावकाश ओढताना टरफल अडकत असेल, तर ओढणारा आकडा झिजला आहे किंवा मुठीचे दांडे वाकले आहेत. खालच्या नळकांड्याला एखादा पोचा असला तरी काडतूस मध्येच थांबते. विक्रेते या पोच्याला हसण्यावारी नेतात, घेणाऱ्याने नेऊ नये. परदेशी मॉडेलचा सुटा भाग नांदेडलाच काय, हैदराबादलाही सहज मिळेल असे नाही, म्हणून यंत्रातल्या प्रत्येक दोषाची वजावट दुप्पट धरावी. दस्त्याची चीर मात्र फारशी मनावर घेण्यासारखी नाही. गावचा चांगला सुतारही ती सांधतो.

किंमत खरी ठरते ती कागदावर. परवान्यावरचा क्रमांक आणि लोखंडावर कोरलेला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. घासलेला क्रमांक असेल तर ती बंदूक फुकटही महाग. शिवाय गिऱ्हाईक थोडे: परवाना असलेला शेतकरी, बँकेवर पहारा देणारा माजी सैनिक किंवा परवानाधारक व्यापारी. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि तिसरी बंदूक काढून टाकणे भाग पडले. म्हणून घाईतला विक्रेता भेटला, तर घासाघीस करण्यात संकोच नको. वारसाने विकायला काढलेली बंदूक असेल, तर आधी ती त्याच्या स्वतःच्या परवान्यावर चढली आहे का, हे पाहावे.

परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला बंदूक विकताना शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर किमान 45 दिवस जाईपर्यंत व्यवहार करता येत नाही. तोवर इसारापलीकडे एक रुपयाही देऊ नये.