रामपूरचे पाणी

मुरादाबादहून बरेलीकडे निघाले की तासाभरात रामपूर लागते. येथील रझा लायब्ररीची सुरुवात १७७४ साली नवाब फैजुल्ला खान यांच्या काळात झाली. तिच्यावर स्वतंत्रच लिहायला हवे. आम्ही गेलो होतो सुरीसाठी. बकरी ईद तोंडावर आली होती आणि जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी धारदार ठेवण्याची ताकीद तर हदीसमध्येच आहे.

शहरात एका चौकात २०२३ साली बसवलेला वीस फुटी चाकू आहे. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. खरे चाकू घडवणारे मात्र मोजकेच उरलेत. नव्वदच्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली, वर सिनेमांनी रामपुरी चाकू गुंडाच्याच हाती दिला.

जुन्या शहरातल्या एका दुकानात भट्टी पेटलेली दिसली. सलाम करून आत गेलो. कारागीर सत्तरीचे असावेत. त्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘पानी’. आमच्या कोकणातला लोहारही कोयत्याला पाणीच देतो!

चाचांनी पाते लाल होईपर्यंत तापवले आणि त्याला चुंबक लावून पाहिले. चिकटले नाही. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला जुमानत नाही. त्याहून थोडे आणखी तापवून त्यांनी ते तेलात बुडवले. पाण्यात का नाही? पाणी फार झपाट्याने थंड करते, पातळ पात्याला तडा जातो. म्हणजे नाव पाण्याचे, काम तेलाचे.

आता पाते इतके कडक झाले होते की कानस त्यावरून घसरत होती. आम्हाला वाटले, झाले काम. चाचांनी बाद झालेले असेच एक पाते फरशीवर आपटले, त्याचे दोन तुकडे झाले. नुसता कडकपणा काचेचा. म्हणून ते पुन्हा मंद तापवायचे, २०० अंशांच्या आसपास, घासलेल्या पात्यावर गव्हाच्या काडाचा पिवळा रंग येईपर्यंत. निळा आला तर पाते धारेच्या दृष्टीने मऊ पडले.

प्रयोगशाळेत हिऱ्याचे टोक १५० किलोच्या भाराने दाबून कडकपणाचा आकडा काढतात. रॉकवेलच्या त्या मापाने घरच्या चांगल्या सुरीला ५६ ते ६० पुरतात. चाचांकडे पितळेची एक कांडी होती. धार लावून झालेली सुरी तिच्यावर किंचित तिरकी दाबली की धार लवते. लवून सरळ झाली तर पाणी बरोबर, वाकडीच राहिली तर कमी, कपची उडाली तर जास्त. आमची सुरी सरळ झाली.

हे शिकायला कोणी आहे का, असे विचारले. चाचा म्हणाले, मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो.

निघताना त्यांनी बजावले, सुरी गॅसच्या ज्योतीवर धरू नका. ईदच्या आधी रस्त्यावर मशीनवर ठिणग्या उडवत धार लावून देतात, तिथेही जपून. धारेवर निळा डाग दिसला की तेवढ्या जागेचे पाणी उतरले. डाग पुसला तरी ते परत येत नाही. ती जागा घासून काढावी लागते किंवा पाते पुन्हा भट्टीत घालावे लागते.