हातोडा पडल्यानंतरची बोली

१९५९च्या कंपनी (न्यायालय) नियमांतल्या २७२व्या नियमाने आमच्या धंद्याला एक खोड लावली. बुडालेल्या कंपनीची जमीन असो की यंत्रं, लिक्विडेटरने केलेली विक्री कोर्टाने कायम करेपर्यंत कच्चीच. लखोटे फुटायचे, बोलीदार कोर्टातच एकमेकांवर चढायचे, आकडा ठरायचा. आणि मग मागच्या बाकावरून एखादा वकील डिमांड ड्राफ्ट उंचावत उठायचा, माझे अशील पंचवीस लाख जास्त द्यायला तयार आहेत! सगळ्या माना त्याच्याकडे वळायच्या. त्या आपल्याकडे वळाव्यात ही हौस आम्हा कंपनी-वकिलांपैकी कुणी नाकारू नये. मीही नाकारत नाही.

पण ही वाढीव रक्कम नेमकं काय सिद्ध करते? आधीचा भाव पडेल होता, असं आम्ही ठोकून सांगायचो. मंजुरीची अट अपुऱ्या किमतीपासून संरक्षणासाठी आहे, हे नवलखा प्रकरणातलं सुप्रीम कोर्टाचं म्हणणं आम्ही पार पिळून काढलं. २०००च्या दिव्या मॅन्युफॅक्चरिंग प्रकरणात तर कायम झालेली विक्रीही मोडली. माझ्या मते उशिराची बोली मालापेक्षा बोलणाऱ्याचीच ओळख जास्त करून देते. ज्याने थकलेले कर शोधले, ‘जसं आहे, जिथं आहे’ या अटीची जोखीम पत्करली, त्याचा आकडा हा फुकट वाचतो आणि वर चार पैसे टाकतो. यावरचा आक्षेप रास्त आहे. त्या चार पैशांवर कामगारांचा हक्क आहे. कलम ५२९-अ ने त्यांना तारणधारक धनकोंच्या पंगतीला बसवलं, मग त्यांच्या पानात कमी का वाढायचं? पण आजची वाढ पुढच्या लिलावातून वजा होते. आकडा शेवटचा नाही हे कळल्यावर शहाणा माणूस पहिल्या फेरीत खरा आकडा बोलेलच कशाला? २००८च्या वालजी खिमजी निकालाने फसवणूक नसेल तर नुसत्या चढ्या बोलीवर कायम विक्री मोडायला नकार दिला, तो म्हणूनच पटतो. कडक छाननी व्हायला हवी ती आधी: मूल्यांकन अहवाल धनकोंनी पाहिला का, जाहिरात कुणी वाचेल अशा पेपरात आली का.

२०१६च्या दिवाळखोरी संहितेखाली ई-लिलाव आले आणि कोर्टाने प्रत्येक विक्री कायम करण्याची पायरी गेली. राखणदार गेला, अशी हळहळ आमच्यात ऐकू येते. पण खोड गेली नाही. आणखी भाव येईल एवढ्याच आशेवर रीतसर झालेला लिलाव लिक्विडेटरने रद्द करू नये, हे २०२३मध्ये इव्हा अ‍ॅग्रो प्रकरणात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलंच. आमची हळहळ राखणदारासाठी किती आणि त्या मागच्या बाकासाठी किती, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.