उघडी माती तणाची

पहिला पाऊस पडून आठवडा झाला की मी अंगणात वाकून वाकून रोपं ओळखत फिरते. केना, आंबुशी, घोळ, आघाडा, कुर्डू, टाकळा, एकदांडी, गाजरगवत, हरळी, लव्हाळा. साताऱ्यातल्या आमच्या घराभोवती जेमतेम दीड गुंठा जागा. तिच्यात जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, पेरू आणि भाजीचे थोडे वाफे. पण न लावता उगवणाऱ्यांची यादी लावलेल्यांपेक्षा कायम मोठी. या सगळ्यांना आपण सरसकट तण म्हणतो आणि सरसकट एकाच तऱ्हेनं उपटायला बसतो. माझा अनुभव असा, की प्रत्येकाची खोड वेगळी म्हणून उपायही वेगळा. आणि सगळ्यांवर मिळून एकच उपाय, तो म्हणजे माती उघडी ठेवायची नाही.

लव्हाळ्याची खोड मला भांगलायला येणाऱ्या मावशींनी दाखवली. टोमॅटोच्या वाफ्यात तो मातला होता. ‘ताई, वरनं वढून काय उपेग न्हाई, गाठ निघाली पायजे,’ म्हणत त्यांनी खुरपं उभं घातलं आणि वीतभर खोल मातीचं ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं. लव्हाळ्याची दांडी दोन बोटांत धरून फिरवली की तिच्या तीन कडा जाणवतात; ही त्याची पक्की खूण. दांडीच्या बुडाशी फुगीर कंद होता. त्यातून एक पांढरा दोरा निघाला होता, पुढं तो काळा आणि कडक झाला होता, त्याला हरभऱ्याएवढी तपकिरी गाठ. तिथून दुसरा दोरा, दुसरी गाठ. नखानं फोडली तर आत पांढरी, वास कापरासारखा उग्र.

वरची पात ओढली की ती बुडाशी तुटते, गाठ मातीत राहते आणि काही दिवसांत नवा कोंब वर येतो. जमिनीत रोटाव्हेटर फिरवला तर विचारूच नका. साखळी तुटते आणि जी गाठ मुकाट पडून होती तीही फुटते. पण गाठीतला साठा अमर्याद नसतो. प्रत्येक कोंबागणिक तो खर्च होतो. नव्या पानांनी ऊन खाऊन तो भरून काढण्याच्या आत, दर पंधरा-वीस दिवसांनी, गाठीसकट खणत राहिलं तर लव्हाळा हळूहळू दमतो. दुसरी गोष्ट, त्याला सावली सोसत नाही. म्हणून रिकाम्या वाफ्यात मी ताग दाट पेरते. पुरुषभर वाढणाऱ्या तागाखाली लव्हाळ्याची पात पिवळी, विरळ पडते. ताग फुलावर आला की कापून तिथंच मातीत गाडायचा. वाफ्याला हिरवळीचं खत मिळतं आणि लव्हाळ्याचा एक हंगाम बुडतो.

हरळी वरून धावते आणि खालूनही. जमिनीवरचा वेल पेरापेराला मुळं धरतो, जमिनीखालचे पांढरे धुमारे दगडाखालून वाट काढतात. पावसाळ्यात तिच्याशी झगडण्यात अर्थ नाही, कारण तुटलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत पुन्हा रुजतो. हरळीचा हंगाम एप्रिल-मे. टिकावानं ढेकळं उलथायची आणि उन्हात पडू द्यायची. मुळं वाळून कोळ झाली की वेचून टाकायची. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळं मी कधीही ओली असताना कंपोस्टमध्ये टाकत नाही. गच्चीवर कडक वाळवूनच ती खड्ड्यात जातात. गणपतीसाठी दूर्वा मात्र हव्यातच. त्या एका कुंडीत वेगळ्या जपल्या आहेत आणि कुंडी फरशीवर ठेवली आहे, म्हणजे वेल खाली उतरून माती धरत नाही.

आपल्याकडचं उन्हाळ्याचं ऊन हे तणावरचं फुकटचं औषध आहे. भाजीच्या वाफ्यात मी एप्रिलच्या मध्याला भरपूर पाणी सोडते, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून अंथरते आणि चारही कडा मातीत दाबून टाकते. चार ते सहा आठवड्यांत वरच्या दोन-तीन इंचांतलं बहुतेक बी ओल्या उष्णतेनं मरतं. काळा कागद नको, पारदर्शकच हवा, कारण उष्णता मातीत उतरायला हवी. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर याचा फारसा परिणाम होत नाही. घोळ, माठ, केना यांच्या बियांवर होतो. ज्या वाफ्यावर कागद नसतो तिथं वळवाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवस थांबायचं, उगवलेलं सगळं खुरप्याच्या टोकानं वरवर खरडायचं आणि मगच रोप लावायचं. खोल खणलं की खालचं झोपलेलं बी वर येतं, म्हणून हात हलकाच ठेवायचा.

एवढं करूनही माती मोकळी राहिली तर तण येणारच. उघडी जमीन उन्हानं तापते, पावसानं वाहून जाते, आणि निसर्ग ती झाकायला जे हाताशी असेल ते उगवतो. आपण आधी झाकली तर त्याला ते करावं लागत नाही. साताऱ्याच्या आसपास ऊस भरपूर, त्यामुळं पाचट सहज मिळतं. झाडांच्या आळ्यात मी त्याचा चार बोटं जाड थर देते, खोडाभोवती वीतभर जागा सोडून. त्याखाली माती ओलसर राहते, गांडुळं वर येतात, आणि बियांना उजेड न मिळाल्यानं तण फारसं डोकं काढत नाही. जे काढतं त्यातलं वर्षायू तण मी पेरूखाली उपटत नाही, जमिनीलगत विळ्यानं कापते. कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर तणाची मुळं जमिनीतच कुजू द्यावीत असं आग्रहानं मांडत आले आहेत. घरच्या झाडाखालची भुसभुशीत माती हातात घेतली की त्यांचं म्हणणं पटतं.

शिवाय सगळं तण फेकायचं नसतंच. टाकळ्याचा कोवळा पाला जूनमध्ये भाजीला, घोळ डाळीत, कुर्डू कोवळा असेपर्यंत परतून, केन्याच्या पानांची भजी. आघाडा हरतालिकेच्या पत्रीत. खुडून खाल्लं की तेही आटोक्यात राहतं.

तणनाशक मी बागेत आणत नाही. ग्लायफोसेट हिरव्या पानातून मुळापर्यंत जातं, आणि वाऱ्यानं उडालेला फवारा लिंबाच्या पानावर पडला की लिंबालाही सोडत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. फरशीच्या फटीत मीठ टाकायचीही पद्धत आहे. ते पावसाबरोबर वाफ्यात उतरतं आणि माती नासवतं. फटीतल्या कोवळ्या तणाला उकळतं पाणी पुरतं.

राहिलं गाजरगवत. देशात त्याची नोंद झाली ती पुण्यात, १९५५ च्या सुमारास, आणि मग ते देशभर पसरलं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. त्याच्या स्पर्शानं आणि परागकणांनी अनेकांना त्वचेचा दाह होतो, दम्याचा त्रास वाढतो. उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलावर येतं, म्हणून त्याच्या बाबतीत वेळच सगळं काही. पाऊस झाल्यावर, माती ओली असताना, हातमोजे घालून, फुलाआधी मुळासकट उपटायचं. वरून कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. फूल नसलेलं गाजरगवत कंपोस्टला चालतं.

त्याला खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडण्यात आला. आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तो ऑगस्टमध्ये दिसतो: मळकट पांढऱ्या पाठीवर नागमोडी तपकिरी रेघा, पानाच्या कडेला चिकटून एकसारखा कुरतडणारा. त्याच्या अळ्या तर कोवळा शेंडाच फस्त करतात. तिथं आम्ही फवारणी होऊ देत नाही. पण हिवाळ्यात तो जमिनीत दडी मारतो, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. दिवाळीनंतर टाकळ्याच्या शेंगांचं बी राखून ठेवते आणि मे-अखेरीस प्लॉटच्या कडेनं फोकते. दाट उगवलेला टाकळा गाजरगवताला जागा देत नाही.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळतात. आमच्या गल्लीत आम्ही त्याची वाट पाहत नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी घरटी एक माणूस मोकळ्या प्लॉटवर उतरतो, कारण तिथलं बी वाऱ्यानं, पाण्यानं, गाडीच्या चाकाला लागून सगळ्यांच्याच अंगणात येतं. स्वतःचं अंगण कितीही झाकलं तरी शेजारची जमीन उघडी असेल तर काम अर्धंच राहतं. तुमच्या भिंतीपलीकडंही असा एखादा प्लॉट असेल. तो कुणाच्या मालकीचा याचा शोध घेत बसू नका. गवत फुलायच्या आत शेजाऱ्यांना हाक मारा.