उरलेला सिलिंडर

हात थरथरायला लागला तेव्हा शस्त्रक्रिया विद्यार्थिनीकडे सोपवल्या. माझ्याकडे मोजमाप उरलं. मोतीबिंदू काढून लेन्स बसवल्यावर सिलिंडर, म्हणजे वक्रता सगळीकडे सारखी नसल्यानं येणारा नंबर, किती उरेल, तो आकडा मी आधीच कागदावर लिहून ठेवतो. जुळला की दिवसभर ताठ मानेनं वावरतो. शस्त्रक्रियेचा नव्हता एवढा या आकड्याचा मला गर्व आहे.

जवाहरनगरला आमच्याकडे येणारे रुग्ण बहुतेक सत्तरीकडचे: आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, नाहीतर आसपासचे धान पिकवणारे. या वयात कॉर्नियाची वक्रता आडवी वाढत जाते. त्यात मागच्या पृष्ठभागाची भर. डग्लस कॉख यांनी २०१२ मध्ये ती सरासरी ०.३ डायॉप्टर दाखवली, आणि लेन्स निवडायचं बॅरेटचं सूत्र ती धरतं. सिलिंडर घालवणारी टॉरिक लेन्स डोळ्यात फिरली तर काय, याबद्दल सगळेच बोलतात, अंशामागे सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो म्हणून. पण ती लेन्स पुन्हा फिरवता येते. छेदाच्या जखमेचं तसं नाही.

माझं सगळं अडतं ते जखमेपाशी. तोच हात, तोच २.२ मिलिमीटरचा चाकू, कानशिलाकडूनच छेद. तरी एका डोळ्यात पाव डायॉप्टर सपाटी येते, दुसऱ्यात काहीच नाही, तिसऱ्यात भलत्याच अक्षावर. कोन दुप्पट करून हे बदल बाणांनी आलेखावर मांडले की ते एकमेकांना खोडतात आणि सरासरी शून्याजवळ येते. मग माहितीपत्रकात छापतात, जखमेचा परिणाम नगण्य! नगण्य सरासरी असते, समोरच्या माणसाची जखम नव्हे. यावर माझे समव्यवसायींशी वाद होतात, आणि मी माघार घेत नाही.

टाक्यांविना होणाऱ्या मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेनं गरिबाला दृष्टी दिली, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण म्हाताऱ्या डोळ्यात आडवी वक्रता दिसत असूनही केवळ हात तसा बसलाय म्हणून सहा मिलिमीटरचा छेद वरूनच घ्यायचा, हे मला पटत नाही. उभी दिशा सपाट होते आणि आधीचाच दोष वाढतो.

विद्यार्थिनी म्हणते, "सर, अर्धा डायॉप्टर उरला तरी आजोबा खूश आहेत." असतील. तरी तिच्या प्रत्येक डोळ्याचा बाण मी वेगळा ठेवायला लावतो, सरासरीत मिसळू देत नाही. आणि मे महिन्यात अश्रूंचा थर सुकलेला दिसला, की मोजमाप चुकेल म्हणून थेंब देऊन परत पाठवतो आणि पुढच्या आठवड्यात नव्यानं मोजतो. तिला हा उशीर आवडत नाही.