फुलचूरच्या दुपारी, खिळ्यांच्या पाटावर

मैत्रिणींनो, फुलचूर गोंदियाला अगदी लागून. शहर कुठं संपलं ते कळतही नाही. भातगिरण्यांच्या या मुलखात दिवाळीनंतर मी नणंदेकडं गेले होते. दुपारी मागचं आवरलं नि वन्संनी माळ्यावरून जुनं बॅगाटेल काढलं. उतरता लाकडी पाट, खिळ्यांची कुंपणं, स्प्रिंगचा दांडा नि पोलादी गोळ्या. "बसा वहिनी, दहा गोळ्या तुमच्या!"

माझा भोपळा! दांडा पुरता ओढत होते ना. गोळी कमानीला वळसा घालून सरळ तळाशी. "नशिबाचा खेळ हा," वन्सं म्हणाल्या. मला काही ते पटेना.

तुमच्याही पुढं अनोळखी पाट आला, तर आधी गुण मोजूच नका. पाट एका अंगाला कलतो का ते गोळी ठेवून पाहा. कलत असेल तर खाली कागदाची घडी सारा. मग दांडा दर वेळी सारखाच ओढून पाच गोळ्या सोडा, कुठं पडतात बघा. मी तर दांड्यावर पेन्सिलीनं बारीक खुणाच केल्या. अर्ध्याच्या किंचित पुढं ओढला, की गोळी मधल्या शंभराच्या घरात!

याच खेळातून पुढं पिनबॉल निघाला. गोळी परतवणारे हात त्याला १९४७ साली आले. न्यूयॉर्कमध्ये तो जुगार म्हणून बंद होता. १९७६ साली रॉजर शार्प यांनी गोळी कुठून जाईल ते आधी सांगून नगरसभेच्या लोकांपुढं मारून दाखवली, तेव्हा कुठं बंदी उठली.

तिसऱ्या दुपारी मी वन्संना हरवलं. "नशीब हो तुमचं, वहिनी!"

खुणा मी तोवर पुसल्या होत्या.