ग्रॅम कशाचे?

कोणत्याही संख्येला एकाने गुणलं तर ती बदलत नाही. हे आपण तिसरी-चौथीत शिकतो आणि पुढे जन्मभर त्या वाक्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण सध्या मला त्या वाक्याने अक्षरशः झपाटलंय! माझी भाची यंदा अकरावी सायन्सला गेली. तिचं रसायनशास्त्राचं पुस्तक सहज चाळायला घेतलं आणि सुरुवातीच्याच पानांवर, एककांच्या रूपांतराच्या उदाहरणांपाशी, मी अडकून पडलो. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. दहावीनंतर रसायनशास्त्राशी संबंध आला नव्हता. आता भेटेल त्याला थांबवून हे सांगत सुटलोय, आज तुम्हाला सांगतो.

1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर. साधारण नव्हे, नेमके. 1959 सालच्या आंतरराष्ट्रीय करारापासून इंचाची व्याख्याच तशी आहे. आता अंशात 2.54 सेंमी लिहा आणि छेदात 1 इंच. वर जी लांबी, तीच खाली. म्हणजे हा अपूर्णांक एक आहे! दिसायला 2.54, पण किंमत एक. त्याने जगातल्या कुठल्याही मापाला गुणा, वस्तू तसूभरही बदलणार नाही, फक्त तिचं एकक बदलेल. 12 इंच गुणिले हा अपूर्णांक: वरचा इंच आणि खालचा इंच काटले गेले, उरले 30.48 सेंमी.

गुणायचं की भागायचं, हा प्रश्नच संपला! तो लक्षात ठेवावाच लागत नाही. जे एकक घालवायचंय ते छेदात येईल असा अपूर्णांक मांडायचा, बस. उलटा मांडला तर उत्तरात ‘वर्ग इंच प्रति सेंटिमीटर’ असलं काहीतरी उरतं आणि कागदच सांगतो, की बाबा रे, फिरव. आकडेमोड सुरू होण्याआधीच मांडणी बरोबर की चूक ते कळतं. हे मला शाळेत कुणी का दाखवलं नाही?

दाखवलं होतं, असं नंतर लक्षात आलं. त्रैराशिक! भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 सालची. तिची सुरुवातच मुळी परिभाषेने होते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे आधी रूपांतराचे तक्ते आणि मग गणित. पुढे त्रैराशिकाच्या नियमात ते बजावतात की प्रमाण आणि इच्छा या दोन राशी एकाच जातीच्या हव्यात, फळ वेगळ्या जातीचं. जात म्हणजे इथे एकक! रुपयाखाली रुपया आला पाहिजे, शेराखाली शेर. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या नियमात आणि अकरावीच्या पहिल्या धड्यात मला एकच शिस्त दिसते.

पण इंच आणि सेंटिमीटरवर थांबलो असतो तर हा लेख लिहिला नसता. खरी गंमत पुढे आहे. इंच-सेंटिमीटरचा अपूर्णांक माणसांनी ठरवला. रसायनशास्त्रातले अपूर्णांक पदार्थ ठरवतो. मोल म्हणजे रेणूंचा एक ठरलेला भला मोठा गठ्ठा. 18 ग्रॅम पाणी म्हणजे 1 मोल पाणी. 180 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे 1 मोल ग्लुकोज. हेही अंश-छेदात मांडता येतात, तेही एकच आहेत, पण ज्याच्या त्याच्या नावापुरते. पाण्याचा अपूर्णांक साखरेला लावता येत नाही. म्हणून ‘ग्रॅम’ एवढंच लिहून भागत नाही. ‘ग्रॅम पाणी’, ‘ग्रॅम ग्लुकोज’ असं पदार्थाच्या नावासकट लिहायचं आणि काटायचं तेही नावासकट. ही एवढीशी शिस्त पाळली की काय काय उघडतं, ते बघा.

पाण्याचा एक थेंब घेऊ. 20 थेंबांचा 1 मिलिलीटर धरला तर एक थेंब 0.05 मिली. दर मिलीला 1 ग्रॅम, दर 18 ग्रॅमला 1 मोल, दर मोलला 6.022×10²³ रेणू. तीन अपूर्णांक ओळीने मांडले. मिली काटला, ग्रॅम काटला, मोल काटला, उरले रेणू: सुमारे 1.67×10²¹. म्हणजे 1 वर 21 शून्यं, त्याच्या पावणेदोनपटीला थोडे कमी. एका थेंबात! मोलची ती संख्या आता मोजून काढायचीही राहिलेली नाही. 20 मे 2019 पासून ती 6.02214076×10²³ अशी ठरवूनच टाकली आहे. नळाखालच्या थेंबापासून रेणूंच्या गणतीपर्यंत तीन पायऱ्यांत पोहोचता येतं आणि प्रत्येक पायरीवर कशाने कशाला काटलं ते डोळ्यांसमोर असतं, हे पहिल्यांदा करताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

लंडनला असणाऱ्या मामेभावाने परवा फोनवर सांगितलं, फास्टिंग शुगर 5.4 आली. आई घाबरलीच. ‘‘अरे, पाच? माझी तर सत्त्याण्णव आहे!’’ मी लगेच वही ओढली. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये सांगतात, तिकडे मिलिमोल प्रति लीटरमध्ये. दर डेसिलीटरला 97 मिलिग्रॅम; 1 लीटरचे 10 डेसिलीटर, म्हणून दर लीटरला 970 मिलिग्रॅम; ग्लुकोजच्या 180 मिलिग्रॅमचा 1 मिलिमोल. 970 भागिले 180, बरोबर 5.4! आईची आणि त्याची साखर तंतोतंत सारखी. मग उत्साहाने कोलेस्टेरॉल घेतलं. त्याचा 1 मिलिमोल 387 मिलिग्रॅमचा. म्हणून 200 मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर म्हणजे 5.2 मिलिमोल प्रति लीटर. साखरेला 18 ने भागायचं, कोलेस्टेरॉलला जवळजवळ 39 ने, हे तक्ते पाठ करणारे पुष्कळ असतील; पण ते आकडे वेगवेगळे का, याचं उत्तर एवढंच, की कोलेस्टेरॉलचा रेणू ग्लुकोजच्या दुपटीहून जड आहे. रिपोर्टच्या कागदावर रेणूचं वजन दडून बसलेलं असतं!

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते ओआरएसचं पाकीट.

जुलाब झाले की घरोघरी येणारं हे पाकीट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लीटर पाण्यासाठी त्यात चार गोष्टी असतात: ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम. नुसते ग्रॅम वाचले तर वाटतं, ही साखरच आहे, बाकीचं चिमूटभर. मलाही हे आकडे अगदी मनाला येईल तसे घेतलेले वाटले. मग ओळीने मोल काढत गेलो.

ग्लुकोज 13.5 ग्रॅम, 180 ग्रॅमचा 1 मोल: 75 मिलिमोल. मीठ 2.6 ग्रॅम, 58.5 ग्रॅमचा 1 मोल: 44 मिलिमोल, म्हणून सोडियमही 44. सायट्रेट 2.9 ग्रॅम, 294 ग्रॅमचा 1 मोल: जवळजवळ 10 मिलिमोल. पण सायट्रेटच्या एका मोलमागे सोडियमचे तीन मोल असतात! म्हणजे आणखी एक अपूर्णांक, वर 3 मोल सोडियम, खाली 1 मोल सायट्रेट, आणि सोडियम आलं 30. एकूण सोडियम 44 अधिक 30, म्हणजे 74. संघटनेच्या तक्त्यात तो आकडा 75 दिला आहे. आणि ग्लुकोज किती होतं? 75!

सारखे! ग्रॅममध्ये एक 13.5 आणि दुसरं दोन डब्यांत वाटलेलं, कुठेही ताळमेळ न दिसणारं. मोलमध्ये दोन्ही समसमान. हे योगायोगाने झालेलं नाही. आपल्या आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेणारी यंत्रणा असते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ती कल्पना 1960 साली प्रागमधल्या परिषदेत मांडली. साखर आत जाताना सोडियमला सोबत नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. आतडं वजन करत नाही, कण मोजतं. म्हणून पाकीट बनवणाऱ्यांनीही कण मोजले आणि शेवटी तराजूसाठी त्यांचे ग्रॅम करून दिले. आपण उलट्या दिशेने गेलो की त्यांचा विचार जसाच्या तसा हाती लागतो.

अजून आहे. क्लोराइड 65, पोटॅशियम 20, सायट्रेट 10. सोडियम आणि ग्लुकोज धरून बेरीज 245. माणसाच्या रक्तात विरघळलेल्या कणांची हीच मोजणी साधारण 290 च्या आसपास भरते. द्रावण रक्ताहून थोडं पातळ, म्हणून पाण्याचा ओघ आतड्यातून रक्ताकडे. आधीच्या सूत्रात हा आकडा 311 होता; या शतकाच्या सुरुवातीला तो मुद्दाम 245 वर आणला गेला. आणि आता हेच पाकीट कुणी अर्ध्याच लीटरमध्ये कालवलं तर? 490! रक्तापेक्षा कितीतरी दाट, ओघ उलटा. पाकिटावर जितकं पाणी छापलंय तितकंच का घ्यायचं, हे मला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मग मी 1971 कडे गेलो. बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला होता, सलाईन संपत आलं होतं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आला. त्यांचं प्रमाण दर लीटरला असं: ग्लुकोज 22 ग्रॅम, मीठ 3.5 ग्रॅम, खाण्याचा सोडा 2.5 ग्रॅम. मांडून बघा! मिठातून सोडियम 60 मिलिमोल, सोड्याचा मोल 84 ग्रॅमचा म्हणून त्यातून 30, एकूण 90. ग्लुकोज मात्र बाजारात मिळणारं, ज्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणू चिकटलेला असतो. त्याचा मोल 180 नव्हे, 198 ग्रॅमचा. 22 ला 198 ने भागलं की 111 मिलिमोल. पुढे जगभर गेलेल्या जुन्या सूत्रात सोडियम 90 आणि ग्लुकोज 111 हेच आकडे आहेत. फक्त तिथे ग्लुकोज कोरडं, 20 ग्रॅम. 20 ग्रॅम आणि 22 ग्रॅम, दोन्ही 111! ग्रॅम कशाचे, हे विचारल्याशिवाय हा मेळ बसूच शकत नाही. डॉ. महालनबीस 2022 मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या त्या तीन आकड्यांपाशी मी बराच वेळ हात जोडून बसलो होतो, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

हा नाद लागला की कुठलंच लेबल नुसतं वाचून सोडवत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकात लीटरला 45 मिलिग्रॅम, अमेरिकेत 10. आपण साडेचारपट ढिले? मुळीच नाही! आपले 45 अख्ख्या नायट्रेटचे, त्यांचे 10 त्यातल्या फक्त नायट्रोजनचे. 62 ग्रॅम नायट्रेटमध्ये 14 ग्रॅम नायट्रोजन. 45 चे झाले 10.2. मर्यादा जवळपास तीच. डीएपी या खताच्या पोत्यावरचं 18:46 घ्या. ते 46 टक्के स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, नव्हेत, फॉस्फरस पेंटॉक्साइडचे, आणि ते संयुग पोत्यात मुळात नसतंच. ती नुसती मोजण्याची जुनी रीत आहे. 50 किलोच्या पोत्यात त्या हिशोबाने 23 किलो, आणि 142 मागे 62 या अपूर्णांकाने गुणलं की खरा फॉस्फरस 10 किलो. मृदा परीक्षणाचा अहवाल आणि खताचं पोतं एकाच भाषेत बोलताहेत ना, हे शेतकऱ्याने पहिल्यांदा तपासावं, असं मला आता कळकळीने वाटतं.

काही ठिकाणी ही रीत थांबते, तेही सांगायला हवं. फॅरनहाइटच्या अंशांचे सेल्सियस करायला नुसता गुणाकार पुरत नाही, कारण दोघांचं शून्य वेगळ्या जागी आहे. आधी 32 वजा करावे लागतात. तापमानातला फरक असेल तर मात्र गुणाकार पुन्हा चालू लागतो.

भाचीच्या वर्गातली मुलं या धड्याला ‘सोपा, मार्क देणारा’ म्हणून उरकून पुढे जातात. माझं म्हणणं, हा धडा महिनाभर शिकवावा, आणि शिकवताना टेबलावर ओआरएसचं पाकीट, खताच्या पोत्याचं लेबल आणि कुणाच्या तरी घरचा रक्ताचा रिपोर्ट ठेवावा. तुमच्याकडे अकरावीतलं कुणी असेल तर एवढं कराच. आणि नसेल, तर स्वतःसाठी एक उदाहरण घेऊन जा: नॉर्मल सलाईनच्या बाटलीवर 0.9 टक्के सोडियम क्लोराइड लिहिलेलं असतं, म्हणजे लीटरला 9 ग्रॅम. मिठाचा मोल 58.5 ग्रॅमचा. पुढचं तुम्ही मांडा, ग्रॅमपुढे मिठाचं नाव लिहायला विसरू नका. उत्तर त्याच बाटलीवर सोडियमसमोर छापलेलं आहे: 154.