मिलोची भाकरी

अमेरिकेला शिव्या घालायला आमच्या घरात कधीच कष्ट पडले नाहीत. व्हिएतनाम, चिली, इराक, अलीकडे गाझावर पडलेले बॉम्ब. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात? जगातला सगळ्यात श्रीमंत देश, पण दवाखान्याच्या बिलापायी माणसं कर्जात बुडतात. यादी खरीच आहे, तिच्यातलं एकही नाव मी खोडणार नाही. तरी परवापासून सलतंय ते भलतंच: मिलो.

1972 चा दुष्काळ. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची. तिच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. थापायला घेतली की कडेनं चिरा जायच्या, उचलून तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. आई उकळतं पाणी घालून पीठ मळायची, तळव्याला चटके बसायचे, तरी भाकरी तांबडी आणि कोरडीच. मामा लाल बावट्याच्या पक्षाचा माणूस. ताटावर बसला की सुरू व्हायचा, "अमेरिकेत ही जनावरांना घालतात, अक्का!" तेही खोटं नव्हतं. एवढं बोलून तो दुसरी भाकरी मागायचा.

बळी तो कान पिळी, हे मामाचं पालुपद. त्याला दाखला 1966 चा. इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीविरुद्ध तोंड उघडलं आणि महिन्या-महिन्याच्या हप्त्यानं येणारी गव्हाची जहाजं राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी आणखी रखडवली. ऑगस्ट 2025 मध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं भारतीय मालावर आणखी पंचवीस टक्के कर लादून तो पन्नासवर नेला, तेव्हा मामा हवा होता असं वाटलं. कान तोच, चिमटाही तोच.

पण पुढे वाचनात आलं की बांगलादेश युद्धानंतर अमेरिकेची मदत थांबली होती आणि दुष्काळातलं परदेशी धान्य सरकारनं बरंचसं रोख मोजून आणलं होतं. म्हणजे मामा ज्या घासाला जन्मभर भीक म्हणाला, तो सौदा होता. हे कळल्यावर राग उतरायला हवा की चढायला? भीक घातली तर मिंधेपण, विकलं तर नफेखोरी. अमेरिकेनं नेमकं काय केलं असतं तर मामा गप्प बसला असता, याचं उत्तर मला सापडत नाही. आईला या वादात रसच नव्हता. तिचं भांडण पिठाशी.

जालन्याच्या एमआयडीसीत आजही बाहेरचंच शिजतं. न्हावाशेव्याहून भंगाराचे कंटेनर येतात, चिरडलेल्या मोटारींचा चुरा भट्टीत जातो, बिलेट होतं, सळई होते, आणि आपल्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. 2004 मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातले तोफगोळे फुटून कामगार मेले. तेव्हापासून भंगाराच्या ढिगाकडे पाहिलं की कुणाची लढाई कुणाच्या भट्टीत उतरते हा हिशेब डोक्यात सुरू होतो, आणि अर्ध्यावर सुटतो.

त्या हिशेबात आणखी गुंता 1 मेचा. शिकागोच्या कामगारांनी 1886 मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, पुढच्या वर्षी त्यांच्यातले चौघे फासावर गेले. खुद्द अमेरिकेनं आपला कामगार दिन सप्टेंबरात ठेवला. आमच्याकडे तारीख राहिली, पण 1960 मध्ये तिच्यावर महाराष्ट्र बसला आणि 1981 मध्ये जालना जिल्हा. त्यामुळे सकाळी झेंडावंदन, संचलन, पालकमंत्र्यांचं भाषण. त्यात शिकागोचं नाव कशाला निघेल? मामा मात्र लाल बावटा घेऊन निघायचा, अमेरिकन कामगारांचाच दिवस पाळायला, आणि चौकात घसा फोडून ओरडायचा, "अमेरिका मुर्दाबाद!" त्याला यात विसंगती दिसली नाही. मला दिसते, पण ती विसंगती आहेच का, इथे मी अडतो. शिकागोवाल्यांचं भांडणही त्याच सत्तेशी होतं ना!

रोलिंग मिलमध्ये रसरशीत सळईपुढे उभ्या असलेल्या बिहारच्या पोराला हे कोण सांगणार, आणि सांगून त्याच्या हजेरीत काय फरक पडणार? तो ठेकेदाराचा माणूस, त्याचा कान गेटच्या आतच पिळला जातो.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. तो निर्णय मुंबईत झाला, वॉशिंग्टनमध्ये नव्हे.